प्रकाशाची सुई आणि तिची निगा

ग्रामोफोनची सुई झिजली की डबीतून दुसरी काढून बसवायची, हे काम एके काळी घरातील शाळकरी मुलेही करीत. सीडी प्लेअरची सुई प्रकाशाची असते. ती तबकडीला कोठेही शिवत नाही. मग ती झिजायची कशी आणि यंत्र बिघडायचे कशाने, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण यंत्रे बिघडतात. आणि बिघडलेले यंत्र जर चाळीस वर्षांपूर्वीचे, उत्तम घडणीचे आणि आता कोठेही न बनणारे असेल, तर त्याची दुरुस्ती हा भौतिकीचा एक चांगला प्रयोगच ठरतो.

हॉलंडमधील आइंडहोव्हन येथे फिलिप्स कंपनीने ८ मार्च १९७९ रोजी पत्रकारांपुढे प्रकाशाने वाचली जाणारी ही लहान तबकडी प्रथम वाजवून दाखविली. पुढे सोनी ही जपानी कंपनी तिच्याबरोबर आली. दोघींनी मिळून मापे ठरविली आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानमध्ये विक्रीस आला. फिलिप्सचा सीडी-१०० त्याच पिढीतला. त्यानंतरच्या काही वर्षांत निर्मात्यांनी खर्चाकडे फारसे न पाहता काही उंची यंत्रे बनविली. मरँट्झचा सीडी-९४ किंवा फिलिप्सचा सीडी-९६० ही त्यांतली नावाजलेली उदाहरणे. त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले. परंतु ती सांभाळणारे, उघडून नीट करणारे आणि रोज वाजविणारे लोक जगात ठिकठिकाणी आहेत.

मी स्वतः या वाटेला लागलो तो एका चुकीमुळे. २००३ साली मी एम.एस्सी.च्या वर्गात होतो. माझ्या मामाने आखाती देशातून आणलेला एक चांगला प्लेअर आमच्या घरी आला होता. तो मधूनमधून अडखळू लागला. दुरुस्तीच्या दुकानांत लेसर, भिंग आणि फोटोडायोड असलेल्या संपूर्ण भागाला नुसते 'लेन्स' म्हणतात. एका ओळखीच्या कारागिराने न पाहताच सांगितले, "लेन्स वीक झाली असेल. तिच्यावर एक छोटा प्रिसेट असतो, तो जरा वाढव." मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि प्रिसेट पाव फेरा फिरविला. तबकडी खणखणीत वाजू लागली! मी खूश झालो. अकरा दिवस ती तशीच वाजली. बाराव्या दिवशी यंत्राने तबकडी ओळखलीच नाही, आणि पुढे कधीही ओळखली नाही. मामाच्या यंत्राचा लेसर मी माझ्या हाताने मारला होता.

माझे काय चुकले हे कळण्यासाठी आधी प्रकाशाची ही सुई काय करते ते पाहू.

खळगे आणि ठिपका

सीडी ही १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची चकती. तिच्या वरच्या, म्हणजे छापील बाजूखाली सूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल रांग असते. त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा आणि त्याच्यावर लाखेचा थर. लगतच्या दोन वळ्यांमध्ये अंतर १.६ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता थोडे गणित करा. तबकडी सेकंदाला सुमारे १.२५ मीटर वेगाने भिंगाखालून सरकते आणि ७४ मिनिटे वाजते. म्हणजे ही रांग किती लांब झाली? साडेपाच किलोमीटरांहून अधिक! वाचन आतून सुरू होऊन बाहेर जाते. वेग कायम राखायचा असल्यामुळे तबकडी आरंभी मिनिटाला सुमारे ५०० आणि शेवटी सुमारे २०० फेरे घेते.

वाचणारा प्रकाश ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे अवरक्त. पॉलिकार्बोनेटचा वक्रीभवनांक सुमारे १.५५ असल्याने प्लॅस्टिकच्या आत ही लांबी ५०० नॅनोमीटरच्या आसपास येते. खळग्याची खोली तिच्या सुमारे एक चतुर्थांश ठेवतात. मग खळग्यावरून परतणाऱ्या आणि सपाट भागावरून परतणाऱ्या प्रकाशात जाऊन-येऊन अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो, आणि तुम्ही व्यतिकरणाच्या धड्यात शिकता त्याप्रमाणे दोन्ही एकमेकांना मारक ठरतात. परतणारा उजेड कमी होतो. खळग्याची कड आली म्हणजे १ आणि कड नसेल तोवर ०, अशा रीतीने अंक उमटत जातात. त्या अंकांपासून पुन्हा आवाज बनतो. प्रत्येक सेकंदाला डाव्या व उजव्या बाजूची प्रत्येकी ४४,१०० मापे, आणि प्रत्येक माप १६ द्विमान अंकांचे.

तबकडीवर प्रकाशाचा ठिपका केवढा पडतो? तरंगलांबीला भिंगाच्या 'संख्यात्मक द्वारका'ने, म्हणजे ०.४५ ने, भागले की १.७ मायक्रॉन येतात. ठिपका साधारण तेवढा. पण हाच झोत प्लॅस्टिकच्या खालच्या पृष्ठभागात शिरतो तेव्हा सुमारे ०.७ मिलिमीटर रुंद असतो. त्यामुळे तेथे पडलेला धुळीचा कण झोताच्या अगदी थोड्या भागाला अडवितो आणि वाचन बिघडत नाही. खिडकीच्या काचेवर माशी बसली म्हणून समोरचे झाड दिसेनासे होत नाही, तसेच हे.

इथवर सारे सोयीचे आहे. अडचण पुढे आहे. भिंगाचा नाभिबिंदू खळग्यांच्या थरापासून साधारण दोन मायक्रॉनांहून अधिक ढळला की ठिपका पसरट होतो आणि वाचन थांबते. तबकडी मात्र फिरताना अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वरखाली होऊ शकते! म्हणजे सोडण्यासारखी चूक दोन मायक्रॉनांची आणि प्रत्यक्षातील हेलकावा पाचशे मायक्रॉनांचा, तोही सेकंदाला आठ वेळा. यावर उपाय एकच. भिंगाला चुंबकीय क्षेत्रात बसविलेली वेटोळी जोडायची आणि तबकडीमागोमाग त्याला नाचवायचे.

पण भिंग वर न्यावे की खाली, हे यंत्राला कळावे कसे? बहुतेक जपानी यंत्रांत यासाठी एक सुरेख युक्ती वापरलेली असते. परत आलेला प्रकाश दंडगोलाकार भिंगातून जातो. (तुमच्या वर्गात कोणाच्या चष्म्याला 'सिलिंडर'चा नंबर असेल, तर त्या काचेतून दिव्याकडे पाहा आणि काच फिरवून पाहा.) नाभी नेमकी असेल तर फोटोडायोडवर गोल ठिपका पडतो. तबकडी जवळ आली की तो एका तिरक्या दिशेने लांबट होतो. दूर गेली की दुसऱ्या तिरक्या दिशेने. फोटोडायोड चार पाकळ्यांचा असतो. समोरासमोरच्या दोन पाकळ्यांची बेरीज करून तीतून उरलेल्या दोहोंची बेरीज वजा करायची. उत्तर शून्य आले तर भिंग जागेवर आहे. अधिक किंवा उणे आले तर त्यानुसार वेटोळ्यात विद्युतधारा सोडायची. एवढ्याशा वजाबाकीवर सगळी सुई तोललेली आहे.

रांगेच्या मागे आडवे सरकण्यासाठी दोन पद्धती रूढ झाल्या. एकीत सगळा वाचकभाग दातेरी चाकांनी रुळांवर सरकतो. दुसरी फिलिप्सची. तिच्या सीडीएम-१ यंत्रणेत वाचकभाग एका फिरत्या भुजेच्या टोकावर असतो आणि भुजा चुंबकीय क्षेत्रातील वेटोळ्याने वळते. प्रयोगशाळेतील गॅल्व्हानोमीटरचा काटा आठवा, तत्त्व तेच. ना दातेरी चाके, ना रूळ. ओतीव धातूची बैठक, काचेची भिंगे आणि झिजायला जवळजवळ काही नाही. ही यंत्रे आजही इतक्या संख्येने चालू आहेत त्याचे मोठे श्रेय, माझ्या मते, या भुजेला आहे.

दोष लपतो कसा

आता एक गोष्ट लक्षात घ्या. तबकडीवर ओरखडे असणार, ठसे असणार, हे निर्मात्यांनी गृहीत धरलेच होते. म्हणून मूळ अंकांसोबत तपासणीचे जादा अंक लिहिलेले असतात. ही रीत अमेरिकेतील आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडलेल्या गणितावर आधारलेली आहे. शिवाय एकामागून एक येणारी मापे तबकडीवर एकमेकांजवळ न ठेवता दूरदूर विखुरलेली असतात. त्यामुळे रांगेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर मजकूर गेला तरी तो जसाच्या तसा परत मिळविता येतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र हीच गोष्ट फसवी आहे. यंत्रातील एखादा भाग वर्षानुवर्षे अशक्त होत असतो, चुका वाढत असतात, आणि गणित त्या निमूटपणे भरून काढत असते. भरपाईची मर्यादा संपते त्या दिवशी यंत्र एकाएकी अडखळू लागते. आपल्याला वाटते, आजच काहीतरी बिघडले. मामाच्या यंत्रात हेच झाले असावे. मी प्रिसेट फिरवून प्रकाश वाढविला, त्याबरोबर चुका मर्यादेच्या आत आल्या आणि रोग बरा झाल्याचा भास झाला.

लेसरचे काय झाले? लेसर डायोड हा गॅलियम, ॲल्युमिनियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगाचा मोहरीहूनही लहान स्फटिक. त्याच्या ज्या कडेतून प्रकाश बाहेर पडतो, तो भाग जेमतेम तीन चौरस मायक्रॉनांचा धरा. त्यातून तीन मिलिवॅट प्रकाश येत असेल, तर दर चौरस मीटरला १०० कोटी वॅट झाले. भर दुपारच्या उन्हात हा आकडा हजाराच्या आसपास असतो. म्हणजे उन्हाच्या दहा लाख पट! प्रकाश आणखी वाढविला की ही आरशासारखी कड तापून तिला सूक्ष्म इजा होते. इजा झालेली जागा अधिक प्रकाश शोषते, म्हणून अधिक तापते. अखेर कड जळते. लेसर विद्युतधारा घेत राहतो, पण उजेड देत नाही.

मी नंतर ते यंत्र पूर्ण उघडले. भिंगावर धुराचा पिवळट थर होता आणि विद्युतपुरवठ्यातील एक मोठा कपॅसिटर निकामी झाला होता. लेसर बहुधा निर्दोष होता.

म्हणून पहिला नियम असा की आधी मोजायचे. काही जपानी वाचकभागांवर कारखान्यात मोजलेली लेसरची विद्युतधारा छापलेली असते. शेवटचे तीन आकडे ४७५ असतील तर ती ४७.५ मिलिअँपिअर. लेसरच्या वाटेत एक रोध असतो. समजा तो २२ ओहमचा आहे आणि त्याच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटरने १.०५ व्होल्ट दाखविले. ओहमचा नियम लावा. उत्तर छापील आकड्याशी जुळते. मग लेसरला हात लावण्याचे कारण काय? उत्तर छापील आकड्यापेक्षा बरेच वर गेले असेल, तरच लेसर म्हातारा झाला असे समजावे. कारण स्फटिक जुना होतो तसतसा तेवढ्याच प्रकाशासाठी त्याला अधिक धारा लागते, आणि यंत्र ती आपोआप पुरवीत असते. हे सर्व मीटरने कळते. लेसर लागला आहे का, हे भिंगात डोळा घालून कधीही पाहू नये. हा प्रकाश डोळ्याला जेमतेम लालसर दिसतो, त्यामुळे पापणी मिटत नाही, आणि डोळ्यातील भिंग तो थेट पडद्यावर एकवटते. आणि विद्युतपुरवठ्याच्या बाजूला मुख्य लाइनचा दाब असतो. तेथे जाणत्या माणसाशिवाय हात घालू नये.

सरांचे यंत्र

काही वर्षांनी मला ज्यांनी प्रकाशशास्त्र शिकविले ते सर, निवृत्त झाल्यावर, एक प्लेअर घेऊन माझ्याकडे आले. युरोपात बनलेला, १९८०च्या दशकातला, फिरत्या भुजेचा. वीस मिनिटे उत्तम वाजायचा, मग अडखळायचा, मग बंद. सर म्हणाले, "अरे, जमले तर बघ. पण तो स्क्रू तेवढा फिरवू नकोस." मामाच्या यंत्राची हकिकत मीच त्यांना सांगितली होती!

यंत्र गार असताना लेसरची धारा मोजली. तापल्यावर पुन्हा मोजली. किंचित वाढली होती, पण तापमानाबरोबर ती तेवढी वाढतेच. लेसर सुटला. मग महाविद्यालयाच्या ऑसिलोस्कोपवर पाच व्होल्टचा पुरवठा पाहिला. सरळ रेषा दिसायला हवी, तेथे १०० हर्ट्‌झची लहर दिसली. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची. ती दोन्ही बाजूंनी एकदिश केली की १०० हर्ट्‌झची लहर उरते आणि ती सपाट करण्याचे काम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे. त्याच्या पोटात ओलसर विद्युत्-अपघटनी द्राव असतो, आणि तो हळूहळू सुकतो. ८५ अंश सेल्सियसला २००० तास टिकणारा कपॅसिटर दर दहा अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट टिकतो. ४५ अंशांना हा हिशेब ३२,००० तास येतो. रोज तीन तास धरले तर २९ वर्षे. यंत्राचे वय याहून जास्त होते! पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून तेवढ्याच क्षमतेचे, १०५ अंशांचे नवे कपॅसिटर आणले, धन-ऋण टोके दोनदा तपासून बसविले. लहर गेली. यंत्र आता वीसऐवजी चाळीस मिनिटे वाजू लागले. चाळीस मिनिटांनी पुन्हा तेच.

खरा चोर शोधायला तीन रविवार गेले. त्या काळच्या काही युरोपीय बोर्डांवर वरच्या आणि खालच्या तांब्याच्या वाटा जोडण्यासाठी भोकात धातूची बारीक पोकळ रिवेट घालून ती दोन्हीकडून सोल्डर केलेली असे. बोर्डाचा पदार्थ तापला की जाडीच्या दिशेने तांब्याच्या तिपटीने किंवा त्याहूनही अधिक प्रसरण पावतो. १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डात ३० अंशांच्या वाढीने फरक पडतो तो दोनेक मायक्रॉनांचाच. पण यंत्र लावले की ताण, बंद केले की सैल, असे हजारो वेळा झाले म्हणजे सोल्डरला केसासारखी चीर पडते. कारागिरांच्या भाषेत हा 'ड्राय सोल्डर'. गार असताना चिरेच्या कडा टेकलेल्या असतात, तापल्यावर सुटतात.

केस वाळविण्याच्या यंत्राने बोर्डाचा एकेक कोपरा तापवीत गेलो आणि लाकडी काडीने हलकेच दाबून पाहू लागलो. भुजेच्या नियंत्रणाच्या मंडलाजवळ काडी टेकली आणि गाणे परत आले. भिंगाने पाहिले तेव्हा रिवेटभोवती गोल चीर दिसली. मग एकच कशाला, सगळ्याच रिवेटमधले जुने सोल्डर काढले, प्रत्येकीतून तांब्याची बारीक तार ओवली आणि दोन्ही बाजूंनी नव्याने सोल्डर दिले. काम कंटाळवाणे खरे, पण त्याला कोणताही दुर्मीळ भाग लागला नाही.

सगळेच असे स्वस्तात सुटत नाही. कपॅसिटर, सोल्डर, घट्ट झालेले ग्रीस, सैल पडलेला रबरी पट्टा, एवढ्यापर्यंत घरगुती हात पोहोचतो. लेसरचा वाचकभाग घरी बनत नाही. काही सोनी वाचकभागांच्या, उदाहरणार्थ केएसएस-२१३ च्या, नकला अजून मिळतात, पण त्यांची प्रत एकसारखी नसते. अंकांपासून आवाज बनविणाऱ्या फिलिप्सच्या टीडीए १५४१ए या मंडलाचे उत्पादन बंद आहे, आणि त्याच्या नावाचा छाप मारलेला बनावट मालही बाजारात आहे. फिरत्या भुजेसाठी जाणते लोक वेगळाच मार्ग धरतात. फिलिप्सच्या सीडीएम-४ सारख्या यंत्रणा महाग यंत्रांत होत्या, तशाच साध्या, स्वस्त यंत्रांतही होत्या. तेव्हा बंद पडलेला साधा प्लेअर भंगारातून उचलायचा आणि त्याची भुजा उंची यंत्राला द्यायची. दोन मेलेल्यांतून एक जिवंत! म्हणून भंगारवाल्याकडे दिसलेला जुना प्लेअर, लेसर ठीक असेल तर, टाकाऊ समजू नका.

या जुन्या यंत्रांचा आवाज काही निराळाच, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मोजमापात आजचे साधे यंत्रही मागे पडत नाही, त्यामुळे भौतिकीच्या माणसाने या म्हणण्याला मान डोलविण्याचे कारण मला दिसत नाही. सरांचेही तसे म्हणणे नव्हते. त्यांना त्यांचे यंत्र चालू हवे होते, एवढेच.

ते यंत्र आता पुन्हा त्यांच्या घरी वाजते. झाकणाच्या आतल्या बाजूस मी एक चिठ्ठी चिकटविली आहे. कोणते कपॅसिटर केव्हा बदलले, लेसरची धारा गार असताना किती आणि तापल्यावर किती. तबकडीचा खण आत-बाहेर करणाऱ्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाला मात्र चीर गेली आहे आणि तसे चाक अजून मिळालेले नाही. तोवर सर खण बोटाने हलकेच आत ढकलतात.